कॅन्सर : कथेतला आणि खरा

‘आनंद’ (१९७१) पाहताना डोळे न पुसलेला माणूस विरळाच. पण अशा कथांमुळे कॅन्सर म्हणजे मरणच, हे समीकरण मनात पक्के बसले.

रशियन लेखक सोल्झेनित्सिन यांच्यावर १९५४ मध्ये ताश्कंदला कॅन्सरचे उपचार झाले. त्याच अनुभवावर त्यांनी ‘कॅन्सर वॉर्ड’ ही कादंबरी लिहिली आणि ते २००८ पर्यंत जगले. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी स्वतः आजार भोगून १९७८ मध्ये ठासून मांडले, की रोग हा रोगच. ती शिक्षा नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्या कित्येक भगिनी स्तनातील गाठ लाजेपोटी लपवितात. लपविलेला कॅन्सर थांबत नाही, पसरतो. गाठ, तोंडातील न भरणारी जखम, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव आढळताच डॉक्टरांना दाखवा. कॅन्सर स्पर्शाने होत नाही. रुग्णाचे ताट वेगळे मांडू नका.