भिंतीआडचा संकेत : गणित आणि मोजमाप

एका खोलीत वाय-फायचा संकेत जोरकस मिळतो आणि पलीकडच्या खोलीत क्षीण होतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ही घट किती, हे दोन मार्गांनी जाणता येते : संगणकावर गणित मांडून, अथवा उपकरणाने प्रत्यक्ष मोजून. या दोहोंची तुलना कशी करावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

मोकळ्या अवकाशात २.४ गिगाहर्ट्झचा संकेत पहिल्या मीटरभरातच सुमारे ४० डेसिबलने घटतो. पुढे अंतर दुप्पट झाले की दर वेळी आणखी ६ डेसिबल घट होते. म्हणजे ८ मीटरवर एकूण घट ५८ डेसिबल. राउटरची प्रक्षेपणशक्ती २० डीबीएम असेल, तर तेथे उणे ३८ डीबीएम मिळावयास हवेत. समजा, मोजणीत उणे ५४ आले. मग उरलेले १६ डेसिबल गेले कोठे? वाटेत दोन सारख्या भिंती असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला ८ डेसिबल येतात. मोकळ्या अवकाशातील घटीत भिंतींची व मजल्यांची घट मिळविण्याची ही रीत कीनन आणि मोटली यांनी १९९० मध्ये मांडली.

मात्र एकाच मोजणीवर विसंबू नये. या लहरींची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. भिंती, छत व कपाटे यांवरून परावर्तित झालेल्या लहरी कोठे परस्परांना बळ देतात, तर कोठे निष्प्रभ करतात. त्यामुळे उपकरण काही सेंटिमीटर सरकविले, तरी आकडा १० डेसिबलने बदलू शकतो. म्हणून प्रत्येक स्थानाच्या आसपास अनेक मोजण्या घेऊन त्यांची सरासरी काढावी.

याहून महत्त्वाचा नियम पुढे आहे. ज्या मोजण्यांवरून भिंतीचे ८ डेसिबल ठरविले, त्याच मोजण्या गणिताचा पुरावा म्हणून दाखविणे म्हणजे उत्तर पाहून उदाहरण सोडविणे होय. यास्तव मोजण्यांचे दोन गट करावेत. एका गटावरून भिंतींची घट ठरवावी आणि दुसऱ्या, न वापरलेल्या गटावर गणित पडताळावे. तेथे दिसणारी तफावत हीच गणिताची खरी चूक. ती दडविली, तर राउटर चुकीच्या जागी बसतो आणि एखादी खोली संकेतावाचून राहते. ती प्रामाणिकपणे नोंदवून कारण शोधले, तर कदाचित नकाशात न दाखविलेले लोखंडी कपाट नेमके तेथेच सापडते.