वाचकांचे प्रश्न : पॉइंट 22 रायफल विकत घ्यावी की बनवून घ्यावी?

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, वय 25, मेकॅनिकल इंजिनीअर. नोकरीनिमित्त तीन वर्षांपासून नोएडात राहतो. 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून नेमबाजी डोक्यात बसली आहे. आठ महिने क्लबच्या एअर रायफलवर सराव केला, आता पॉइंट 22 कडे वळायचं आहे. नवी मॅच रायफल मला परवडत नाही. परदेशात लोक सुटे भाग मागवून घरीच रायफल जुळवतात, असे व्हिडिओ पाहिले. फरिदाबादला मित्राच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग दिलं तर नळी आणि बोल्ट करून देऊ, असं ते म्हणतात. खर्च निम्म्याहून कमी येईल. रायफल मी फक्त रेंजवर वापरणार. आधी बनवून मग परवाना काढला तर चालेल का? – एक वाचक, नोएडा

उत्तर : चालणार नाही. काम सुरू होण्याआधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. आता त्या वर्कशॉपला ड्रॉइंगही पाठवू नका.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदूक बनवायला, तिच्यात बदल करायला आणि ती दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तुमच्या हातात असेल तो परवाना बंदूक बाळगण्याचा. बनवण्याचा परवाना वेगळा असतो आणि तो कारखानदाराला मिळतो, हौशी नेमबाजाला नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बनवण्याची शिक्षा कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आणि शिवाय दंड, अशी आहे. ती नुसती विनापरवाना जवळ सापडली तरी किमान 2 वर्षांचा तुरुंगवास आहे. ‘फक्त रेंजवर वापरणार होतो’ हा बचाव इथे टिकत नाही, कारण गुन्हा बनवण्याचा आहे, वापराचा नाही. आणि आरोपी तुम्ही एकटेच नसाल. लेथवर नळी कातणारे मित्राचे वडीलही तुमच्या शेजारी उभे असतील. त्यांनी आपुलकीनं हो म्हटलं आहे, त्यांना या फेऱ्यात ओढू नका.

सुट्या भागांचंही तसंच. कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात आणि शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे नळी एका पार्सलनं आणि बोल्ट दुसऱ्या पार्सलनं मागवला, तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही शस्त्रच मागवलं. परदेशातून मागवलंत तर आयातीच्या परवान्याचा भंग वर जोडला जातो. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुधा अमेरिकेतले असतील. तिथल्या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला सहसा मुभा आहे. आपल्याकडे ती मुभा नाही.

आता ‘आधी बनवू, मग परवाना काढू’ याबद्दल. शस्त्र परवाना हातात घेऊन पाहा. त्यात हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक यांची नोंद असते. दुकानदार रायफलीच्या पोलादावर ठोकलेला क्रमांक वाचतो, तोच आपल्या रजिस्टरात उतरवतो, तोच परवान्यावर चढतो. नंतर परवाना अधिकाऱ्यासमोर हत्यार तपासणीला नेलं की तोच क्रमांक पुन्हा पडताळला जातो. वर्कशॉपमधल्या रायफलीला क्रमांकच नाही, मग त्या रकान्यात लिहिणार काय? कलम 8 नुसार निर्मात्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण नसलेली बंदूक विकताही येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. अशी रायफल नंतर कोणत्याही अर्जानं कायदेशीर होत नाही.

कायदा घटकाभर बाजूला ठेवा. तुम्ही इंजिनीअर आहात, म्हणून एवढंच सांगतो. रिमफायर काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि ती कडा पातळ पितळेची असते. पोटावर झोपून नेम धरता तेव्हा गाल दस्त्याला टेकलेला असतो आणि डोळा बोल्टपासून वीतभर अंतरावर. कारखान्यातली प्रत्येक नळी दाबाच्या चाचणीतून जाते, ती याच वीतभर अंतरासाठी.

रायफल घेण्याचा सरळ रस्ता असा.

पहिलं पाऊल, मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व. हौशी नेमबाजासाठी कायद्यानं मुद्दाम दार उघडं ठेवलं आहे. लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट 22 रायफल हवी असलेल्या क्लब-सदस्याचा परवान्याबाबतच्या कलम 13 मध्ये स्वतंत्र उल्लेख आहे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका, ही जी मर्यादा 2019 मध्ये आली, तिच्यातूनही सरावाच्या पॉइंट 22 ला कलम 3 सूट देतं. म्हणून सरावाच्या नोंदी, स्पर्धांची गुणपत्रकं, प्रशिक्षकाचं पत्र जपून ठेवा. तुमचा अर्ज यांच्याच जोरावर उभा राहणार आहे. देशभरच्या नेमबाजी संघटनांची शिखर संस्था म्हणजे एनआरएआय. 1951 साली ती उभी केली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांनी. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेसाठी नवे नेमबाज ज्या अखिल भारतीय स्पर्धेत उतरतात, ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. दिल्लीत उतरलेल्या मराठी माणसानं या खेळात स्वतःला परकं समजू नये.

दुसरं पाऊल, अर्ज. इथे एनसीआरमधली बरीच मंडळी अडखळतात. ‘एनसीआर’ हा परवान्याच्या कायद्यातला प्रदेश नाही. तुम्ही राहता उत्तर प्रदेशात, 1982 च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधलेली तुघलकाबादची डॉ. कर्णीसिंह रेंज दिल्लीत, आणि मित्र हरियाणात. अर्ज राहत्या पत्त्याच्या परवाना अधिकाऱ्याकडेच करायचा. दिल्लीकरांसाठी ते काम दिल्ली पोलिसांची परवाना शाखा करते. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात चालेल ते लिहिलेलं असतं. रायफल घेऊन दिल्लीची हद्द ओलांडायची असेल, तर दिल्ली त्या क्षेत्रात आलीच पाहिजे. अर्ज भरतानाच सरावाची जागा आणि स्पर्धांचा प्रवास नमूद करून तसं क्षेत्र मागा. पोलिस पडताळणी होईल, घरात हत्यार कुठे आणि कसं ठेवणार हे विचारलं जाईल. कुलपाचं पोलादी कपाट आधीच बसवून घ्या. परवाना मिळाला की त्यावर तुमचा यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक, आहे ना, हे पाहून घ्या. मुदत 5 वर्षांची असते. नकार आला तर लेखी कारणं मागा. कलम 18 खाली अपील करता येतं.

तिसरं पाऊल, खरेदी. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, देशी बनावटीची साधी पॉइंट 22, परवानाधारक दुकानातून. दोन, एखाद्या नेमबाजाची वापरलेली मॅच रायफल. विकणाऱ्यानं आपल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं आणि 45 दिवस उलटल्यावरच व्यवहार करायचा. आधी बयाणा द्या, पण रायफल घरी आणू नका. तीन, परदेशी रायफल. ती एनआरएआयच्या शिफारशीनं, गुणांची पात्रता गाठलेल्या नेमबाजाला आणता येते. तुमच्यासाठी दुसरी वाट मला सर्वांत योग्य वाटते. मॅच रायफलीची नळी नीट राखली तर वर्षानुवर्षं साथ देते.

हातानं काही घडवण्याची तुमची हौसही वाया जाणार नाही. मॅच रायफलीत गालाची पट्टी, खांद्याची प्लेट, दस्त्याची लांबी, चापाचा भार हे सगळं कंपनीनं दिलेल्या स्क्रूंनी मिलिमीटरनं जुळवता येतं. प्रशिक्षकाजवळ बसून, वहीत आकडे लिहीत हे करा. नळी आणि बोल्ट मात्र परवानाधारक कारागिराशिवाय कोणाच्या हाती द्यायचे नाहीत.

आता पैशाचं. तुम्ही खर्च फक्त रायफलीचा मोजला, पण जन्मभराचा खर्च काडतुसांचा असतो. थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून) पात्रता फेरीत 60 गोळ्या असतात. आठवड्यातून 3 दिवस, दर वेळी 60, वर्षाचे 50 आठवडे धरले तर 9,000 काडतुसं होतात. काडतुसामागे 10 रुपयांचा फरक पडला तर वर्षाला 90,000 रुपयांचा फरक पडतो. त्यात रेंजचं शुल्क, प्रशिक्षण, जॅकेट, स्पर्धांची प्रवेश फी मिळवा. परवान्यावर काडतुसांची मर्यादाही लिहिलेली असते. म्हणून माझा सल्ला असा की आणखी एक वर्ष एअर रायफलवर काढा, जमेल तेव्हा क्लबच्या पॉइंट 22 वर हात बसवा आणि दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाका. गुण वाढले की परवान्याचा अर्जही भक्कम होईल. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही याच पॉइंट 22 वर, 50 मीटरच्या प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या, प्रकारात. तुमच्याच गावची लेक. नेम गोळ्या मोजून येतो, रायफल कोणी बनवली यावर ठरत नाही.

प्रश्न : मुलगी 15 वर्षांची आहे. तिला घरी सराव करता यावा म्हणून एअर रायफल घ्यायची आहे. परवाना लागतो का? – एक आई, द्वारका

उत्तर : 10 मीटर स्पर्धेची 4.5 मिलिमीटरची एअर रायफल, जिची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असते, तिला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेईल, तो द्या आणि पावती जपा. बोअर किंवा ऊर्जा याहून जास्त असेल तर परवाना लागतो, म्हणून ताकद वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पॉइंट 22 मात्र 21 वर्षांखाली स्वतःच्या नावावर घेता येत नाही. तोवर क्लबच्या देखरेखीखाली प्रशिक्षण घ्यावं. घरी सराव करताना दाराला आतून कडी, भिंतीला पक्का पेलेट-ट्रॅप आणि शेजारी तुम्ही स्वतः, एवढं कटाक्षानं पाळा. चिमण्या-कबुतरांवर एक छराही सुटता कामा नये.

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. त्यांच्या कपाटात परवान्याची पॉइंट 22 रायफल आणि काही काडतुसं आहेत. ते रेंजवर जायचे, म्हणून ती आठवण ठेवावीशी वाटते. काय करू? – एक वाचक, गाझियाबाद

उत्तर : तुमचं दुःख समजतं. पण परवाना वडिलांच्या नावाचा होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. कलम 21 सांगतं की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं. आधी ठाण्यात लेखी कळवा, मृत्यूचा दाखला आणि परवाना सोबत ठेवा, आणि ते सांगतील त्याप्रमाणे रायफल व काडतुसं जमा करा. क्रमांक लिहिलेली पावती घ्या. मग वारस म्हणून स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करा. परवाना मिळाला की तीच रायफल त्याच क्रमांकानं घरी परत येईल. तोवर ती पावती वडिलांच्या परवान्याबरोबर एकाच पाकिटात ठेवा.