दरवाजे राधानगरीचे, खापरही राधानगरीवर?

प्रश्न : कोल्हापुरात पूर आला की राधानगरी धरणाला दोष देतात. त्यात तथ्य किती?

उत्तर : अर्धेच. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला भिडले की त्याच्याच दाबाने ते उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सातही उघडले तरी सुमारे दहा हजार. कोल्हापूरच्या पंचगंगेत या धरणाच्या भोगावती नदीखेरीज कासारी, कुंभी, तुळशीचे पाणी येते, धरणाखालच्या पाणलोटाचा पाऊस वेगळाच. शिवाय नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असली की पंचगंगा तुंबते. 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांवर गेले. धोका पातळी 43 फूट. एवढी वाढ एका धरणाच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘मग धरण आधीच रिकामे का ठेवत नाहीत?’ हा आक्षेप रास्त आहे. पण 8.36 टीएमसीच्या या साठ्यावर उन्हाळ्यात भोगावतीकाठचा ऊस जगतो. पुढे पावसाने दडी मारली तर हेच लोक जाब विचारतील. तरीही जुलैत किती साठा ठेवायचा, याचे वेळापत्रक गावागावांत आधी जाहीर व्हायला हवे, आणि पूररेषेतल्या बांधकामांचा हिशेबही. पुढच्या ग्रामसभेत हे दोन्ही लेखी मागा.