उकडीतली हळद

अगं मनू, काल फोनवर तू रडत होतीस, म्हणून फार बोलले नाही. आज लिहिते. चहा घेऊन बस आणि सासूबाई देवळात गेल्या की मगच वाच.

कारण आधी ग्रहणाचंच बोलायचंय. 'ग्रहणात विळीवर भाजी चिरली असशील' हे मलाही ऐकवलं होतं. माझ्या बंटीचा उजवा पाय जाड दिसायला लागला आणि मी दोन वर्षं मनात हिशोब मांडत बसले, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, कुठे वाकले. सगळा फुकटचा ताप. तुझ्या डॉक्टरांना ज्या पीआयके३सीए जनुकाचा संशय आहे, त्यातला हा बदल आईबापांकडून येत नाही. गर्भ इवलासा असताना एखाद्या पेशीत तो आपोआप होतो आणि त्या पेशीची पिल्लावळ तेवढी जास्त वाढत जाते. ना तुझा दोष, ना विळीचा.

आता मोदकाची उकड डोळ्यांसमोर आण. मळता मळता एका कडेला चिमूटभर हळद सांडली, तर तेवढाच भाग पिवळा होतो. दुसरीकडची चिमूट काढून बघितलीस तर हळद कुठेच दिसायची नाही. रक्त म्हणजे बऱ्याचदा ती दुसरीकडची चिमूट! बंटीचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्या पेढ्यांपायी दीड वर्ष गेलं. म्हणून सांगते, तुझ्या चिऊच्या पायाच्या वाढलेल्या भागातला तुकडा तपासता येईल का, ते विचार. शस्त्रक्रिया ठरलीच तर आदल्या दिवशीच विचार, नंतर तुकडा हाती लागत नाही. शास्त्रज्ञांनाही हाच मार्ग धरावा लागला. प्रोटियस सिंड्रोम हा अशा जास्त वाढीच्या आजारांतलाच एक दुर्मीळ प्रकार. अमेरिकेत बेथेस्डाला लेस्ली बीसेकर यांच्या चमूने वाढलेल्या आणि न वाढलेल्या भागांतला डीएनए शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा कुठे 2011 मध्ये एकेटी१ जनुकातला दोष हाती लागला.

भावजींनी पाठवलेली ती 'चमत्कारी गोळी'ची बातमी खोटी नाही, पण अर्धीच आहे. अल्पेलिसिब हे मुळात स्तनाच्या कर्करोगासाठी तयार केलेलं औषध. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात गिओम कनो यांनी ते पीआयके३सीएच्या 19 रुग्णांना दिलं, गाठी आणि सूज कमी झाली, आणि 2018 मध्ये ते छापून आलं. अमेरिकेत एप्रिल 2022 मध्ये दोन वर्षांवरच्या, गंभीर त्रास असलेल्या रुग्णांसाठी त्याला मंजुरी मिळाली. आता त्या मंजुरीमागचा आकडा ऐक. ज्यांची मोजमापं नीट ताडून बघता आली अशा 37 जणांपैकी 24 आठवड्यांनी 10 जणांची वाढ निदान एक पंचमांश आटली होती. दहा! तेही जुन्या केसपेपरांवरून काढलेलं, शेजारी बिनऔषधाचा गट नाही. मला हे कमी वाटत नाही, जिथे आधी मुख्यतः सुरीच होती तिथे दहा पुष्कळ झाले. पण गोळीने रक्तातली साखर चढते, जुलाब होतात, तोंड येतं. चिऊ अजून वाढीची पोर आहे, घाई करू नकोस.

आणि कुणी ट्रायलबद्दल विचारलं तर लगेच हो नाही आणि लगेच नाहीही नाही. सीटीआरआयवर, म्हणजे आपल्या देशाच्या ट्रायल-नोंदवहीत, नोंदणी झालीय का ते बघ, औषधाच्या ट्रायलला ती आपल्याकडे सक्तीची आहे. संमतीपत्र घरी आण, रात्री भावजींबरोबर वाच. मध्येच बाहेर पडता येतं, हे विसरू नकोस. ट्रायलच्या औषधाचे पैसे मागितले तर उठून ये.

तोवर एक कर. शिंप्याची टेप घे आणि गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं खाली, दर महिन्याला एकाच जागी, दोन्ही पाय मोजून वहीत लिही. माझ्या त्या वहीवर डॉक्टर माझ्या बोलण्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतात. पोटाची सोनोग्राफी किती दिवसांनी करायची, तेही विचारून घे. जास्त वाढीच्याच बेकविथ-वीडेमान प्रकारात मूत्रपिंडाच्या गाठींसाठी साधारण सात वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी करतात. चिऊला लागेल की नाही, ते डॉक्टरच सांगतील.

आणि हो, बूट विकत घेऊ नकोस. बंटीसाठी दर वेळी दोन मापांचे दोन जोड घ्यायचे, मोठ्यातला उजवा वापरायचा, लहानातला डावा. उरलेले अकरा कोरे जोड माळ्यावर पडलेत, डावा मोठा, उजवा लहान. चिऊचा डावाच मोठा आहे ना?