आवड आणि जबाबदारी: फॅनफिक्शन लिहू लागलेल्या भाचीस पत्र



एखाद्या प्रसिद्ध कथेतील पात्रे आणि तिचे विश्व घेऊन चाहते स्वतःच्या आनंदासाठी ज्या नव्या कथा रचतात, त्यांना फॅनफिक्शन म्हणतात. आणि असे लेखन सुरू करणाऱ्या प्रत्येक लेखिकेपुढे लवकरच हा प्रश्न उभा राहतो, की ज्या दोन पात्रांचा एकमेकांवर जीव आहे, त्यांच्यात प्रणय दाखवावा की मैत्री. या बाबतीत आवड ज्याची त्याची असते आणि तिचा खुलासा कोणापुढे करण्याचे कारण नसते. निवडलेले नाते मात्र पात्रांच्या वागण्यातून कथेत उभे करावेच लागते, आणि मैत्री निवडली असेल तर तिला प्रणयाची अपुरी अवस्था समजता कामा नये, या दोन गोष्टी आरंभीच मनाशी पक्क्या कराव्यात.

हा प्रश्न आजचा नाही. 1966 साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी 'स्पॉकनेलिया' हे तिच्या चाहत्यांचे फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनीच लिहून, छापून आपापसांत वाटलेले हौशी नियतकालिक, निघाले. मालिकेतील कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्यातील जिव्हाळा काहींना निखळ मैत्रीचा वाटे, तर काहींना त्यात प्रेम दिसे; 1974 साली एका फॅनझिनमध्ये पात्रांची नावे न घेता छापलेली कथा ही या दोघांच्या प्रणयाची पहिली छापील कथा मानली जाते. पुढे दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ असेल तर प्रणय, आणि 'अँड'चे चिन्ह असेल तर मैत्री, असा संकेत रूढ झाला. त्या तिरक्या रेघेवरूनच समलिंगी प्रेमकथांना 'स्लॅश' हे नाव पडले, तर ज्या कथांच्या केंद्रस्थानी प्रणय नसतो त्यांना 'जेन' म्हणू लागले. 2009 साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या आणि 2019 साली ह्यूगो पुरस्काराचा मान मिळवणाऱ्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या ऑनलाइन कथासंग्रहातही हीच दोन चिन्हे आजवर वापरात आहेत.

एकाच प्रसंगातून दोन्ही वाटा कशा फुटतात, हे शेरलॉक होम्स या काल्पनिक गुप्तहेराच्या 1924 साली प्रसिद्ध झालेल्या 'थ्री गॅरिडेब्ज' या कथेत स्पष्ट दिसते. एक गुन्हेगार अचानक पिस्तूल काढून गोळी झाडतो, ती डॉक्टर वॉटसनच्या मांडीला चाटून जाते, आणि होम्स त्या माणसाच्या डोक्यावर प्रहार करून धावत मित्राकडे येतो, त्याला आधार देऊन खुर्चीत बसवतो आणि चाकूने त्याची विजार फाडून जखम पाहतो. होम्सचे एरवी कठोर असणारे डोळे क्षणभर ओलावलेले आणि ओठ थरथरताना वॉटसनला दिसतात, आणि या बुद्धिमान माणसाच्या ठायी तेवढेच थोर अंतःकरण आहे हे त्याला कळते. मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयल येथेच थांबतो. त्यापुढची जागा चाहत्यांची.

मैत्रीची कथा लिहिणाऱ्या लेखिकेने वीसएक वर्षांच्या सहवासाचे वजन या प्रसंगात आणले पाहिजे, म्हणजे घरी परतल्यावर होम्स न बोलता काय करतो, कोणते काम बाजूला सारतो, आणि वॉटसनला त्याच्या अबोलपणाचा अर्थ विचारावा का लागत नाही, हे दाखवले पाहिजे. प्रणयकथा लिहिणाऱ्या लेखिकेवर वेगळे ओझे असते. कथेचा काळ 1902चा आहे, इंग्लंडमध्ये पुरुषांमधील शरीरसंबंध 1885च्या कायद्याने दंडनीय होते आणि त्याच कायद्याखाली लेखक ऑस्कर वाइल्ड याला 1895 साली कारावास झाला होता. तेव्हा असे प्रेम मनात धरणारे दोन पुरुष कोणाला भीत असतील, काय लपवत असतील, आणि त्या रात्रीनंतर त्यांच्या वागण्यात नेमका कोणता फरक पडेल, याचे उत्तर कथेत असावे. केवळ डोळे पाणावले म्हणून दोघे एकमेकांच्या मिठीत गेले, असे लिहिल्याने प्रेम सिद्ध होत नाही, तसेच दोघे मित्र आहेत असे दहादा सांगितल्याने मैत्रीही सिद्ध होत नाही.

मैत्रीला दुय्यम मानण्याची सवय मराठी वाचकाने तरी लावून घेऊ नये, कारण कृष्ण आणि द्रौपदी यांचे सख्य त्याच्या चांगल्या ओळखीचे आहे. कृष्णाच्या कापलेल्या बोटाला बांधण्यासाठी द्रौपदीने अंगावरचे उंची वस्त्र फाडले, ही लोककथा 1953च्या 'श्यामची आई' चित्रपटातील गाण्यामुळे घराघरांत पोहोचली आहे, आणि ते नाते पूर्ण वाटण्यासाठी त्यात प्रणय असायला हवा होता, असे कोणाला वाटत नाही. ज्यांना प्रणयाची ओढ मुळातच वाटत नाही किंवा क्वचितच वाटते, त्यांना अरोमँटिक म्हणतात. अशा वाचकांना मैत्रीच्या कथांत आपले आयुष्य सापडते. त्याचप्रमाणे, छापील पुस्तकांत ज्यांना आपल्यासारखे प्रेम फारसे वाचायला मिळाले नाही, अशा समलिंगी वाचकांना स्लॅश कथांनी मोठा आधार दिला आहे. एकाची आवड ही दुसऱ्याच्या आवडीवरची टीका नव्हे.

तरीही भांडणे होतात. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्या प्रसिद्ध होत होत्या तेव्हा हर्मायनीने हॅरीचे व्हावे की रॉनचे, यावरून वाचकांत कडाक्याचे वाद झाले, आणि 2007च्या शेवटच्या कादंबरीत लेखिकेने हर्मायनी व रॉन यांचा विवाह दाखवल्यानंतरही हॅरी आणि हर्मायनीच्या प्रेमकथा लिहिल्या जातच राहिल्या. यात गैर काही नाही, कारण मूळ कथेतील अधिकृत घटनाक्रम, ज्याला 'कॅनन' म्हणतात, तो चाहत्यांच्या लेखनाचा पाया असला तरी त्या लेखनाचे कुंपण नव्हे. गैर आहे ते आपली आवडती जोडी खरी आणि दुसऱ्याची खोटी ठरवणे, हव्या त्या जोडीचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून तिसऱ्या पात्राला दुष्ट किंवा मूर्ख रंगवणे, आणि पात्रांचा प्रणय ती भूमिका करणाऱ्या नटांच्या खासगी आयुष्यावर लादणे.

म्हणून चिरंजीवांनी आवडेल ते नाते निःसंकोच निवडावे, मैत्रीची कथा असेल तर मैत्रीचे आणि प्रणयाची असेल तर प्रणयाचेच चिन्ह शीर्षकापाशी प्रामाणिकपणे लावावे, म्हणजे वाचकाची फसगत होणार नाही. आपल्याला न रुचणाऱ्या जोडीची एखादी चांगली कथा अधूनमधून मुद्दाम वाचावी आणि ती चांगली का झाली याचा विचार करावा. पहिली कथा पूर्ण झाली की ती इकडे अवश्य पाठवावी.

— मावशी