पडल्यानंतरचा चढ

मनालीहून लेहला सायकलने जाणारी मंडळी वर्षभर तयारी करतात ती चढाची. पहाटे सिंहगडाचा घाट, रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा. पण त्या रस्त्यावर चढावर सहसा कुणी पडत नाही. चढावर वेगच इतका कमी असतो, की तोल गेला तरी पाय टेकतो. हाडं मोडतात ती उतारावर. आणि तीही बहुधा दुपारी, खिंड पार झाल्याच्या आनंदात, वाऱ्याने बोटं बधिर झालेली असताना.

माझा मेहुणा असाच पडला, नकीला ही खिंड ओलांडून व्हिस्की नाल्याकडे उतरताना. नकीला सुमारे ४७४० मीटरवर आहे. तिच्या आधी गाटा लूप्सची २१ वळणं चढून यावी लागतात, त्यामुळे उतार दिसला की ब्रेकवरची बोटं आपसूक सैल होतात. त्या टप्प्यात डांबर उखडून नुसता मुरूम आणि फुफाटा उरला होता. समोरून ट्रक आला म्हणून तो कडेला सरकला, चाक भुसभुशीत खडीत शिरलं आणि त्याने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक जागीच रुतलं, तो हँडलवरून पुढे फेकला गेला.

धूळ खाली बसली तेव्हा तो उठून बसला होता. डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरलेला. कॉलरबोन मोडल्याचं जर्सीवरूनही कळत होतं. हेल्मेटला कानामागे उभी चीर गेली होती. "दाजी, माझी सायकल कुठंय?" मी बोट दाखवलं. मिनिटाभराने पुन्हा, त्याच सुरात, "दाजी, माझी सायकल कुठंय?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खांदा बाजूला राहिला. मोडलेल्या हाडाने काही जीव जाणार नव्हता. मग त्याला उलटी झाली.

उंचावरच्या अपघाताचा खरा पेच इथे सुरू होतो. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, चक्कर, झोकांड्या जाणं, बरळणं ही डोक्याला मार लागल्याची लक्षणं. आणि उंची बाधली, मेंदूला सूज यायला लागली, तरी लक्षणं हीच. सकाळपासून त्याचं डोकं थोडं दुखतच होतं, तसं आमच्यातल्या निम्म्यांचं दुखत होतं. मग आत्ताची उलटी कशाची? खाली पुण्यात हा प्रश्न पडलाच नसता. त्या उंचीवर तो पडणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत पडतो.

फरक ओळखायला एकच ढोबळ खूण आहे: सुरुवात कशी झाली. उंची बाधते ती हळूहळू, तासातासाने. पडल्यापडल्या माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागला, मधली काही मिनिटं त्याला आठवतच नसतील, तर डोक्याला मार लागलाय असंच धरून चालावं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवू नये. त्या उंचीवर धडधाकट माणसाचा आकडाही ऐंशीच्या घरात असतो आणि गार बोटावर तर तो काहीही दाखवतो.

औषधांची पिशवी उघडण्याआधी तर दहादा विचार करावा. हिमालयात जाणाऱ्या बऱ्याच गटांजवळ डेक्सामेथासोन असतं. उंचीमुळे मेंदूला सूज आली असेल, तर हे स्टेरॉइड माणसाला खाली नेईपर्यंत तगवतं. पण डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर 'क्रॅश' नावाची मोठी चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात दुसरं एक स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे एका आजारात तारणारा औषधाचा प्रकार दुसऱ्यात घातक ठरू शकतो, आणि रस्त्याच्या कडेला बसून आपल्याला दोन्हींतला कुठला ते ठरवता येत नाही. आमच्यातला एकजण गोळी काढून उभा होता. ती आम्ही दिली नाही. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिनही नाही. आत रक्तस्राव असला तर तो वाढण्याची भीती. वेदनेला पॅरासिटामॉल पुरे.

त्या वेळी उपयोगी पडल्या त्या अगदी साध्या गोष्टी. मान दुखतेय का, बोटांना मुंग्या येतायत का, हे विचारून मगच त्याला हलवलं. हेल्मेट ओढून काढलं नाही. दुखरा हात गमछ्याने छातीशी बांधला. त्याच्या खाली झोपायची मॅट सरकवली, अंगावर सगळ्यांची जाकिटं. आधी अंग घामाने ओलं, त्यात तो दुपारचा वारा. हलता न येणारा माणूस तिथे झपाट्याने गार पडतो, आणि कुडकुडणं थांबलं की लोकांना वाटतं बरा झाला. उलट, तेव्हा जास्त घाबरायला हवं.

मग प्रश्न आला न्यायचं कुठे. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, रुग्णाला खाली न्या. पण तिथे खाली नेणार कुठे? मागे जायचं तर नकीला पुन्हा चढायची, म्हणजे मग सरचू येणार, तेही सुमारे ४३०० मीटरवर, आणि केलाँगच्या रुग्णालयात पोचायला पुढे बारालाचा ओलांडायची. पुढे जायचं तर सुमारे ५०६० मीटरची लाचुलुंगला, मग पांग, आणि पांगहून लेहला जायला ५३०० मीटरच्या वरची टांगलांगला. दोन्ही बाजूंनी खाली जाण्याआधी वर चढावं लागतं. सरचू ते पांग हा पट्टा म्हणजे पिंजरा आहे. मनाली–लेहचा नकाशा पाहताना लोक मुक्काम आणि किलोमीटर मोजतात. माझं सांगणं असं, की प्रत्येक टप्प्यापुढे आणखी एक गोष्ट लिहावी: इथे कुणी पडलं तर त्याला किती चढवावं लागेल. हे ज्यांनी लिहिलेलं असतं ते सरचूनंतर उतारावर आपोआप जपून चालवतात.

आम्ही पांग निवडलं, कारण तिथे लष्कराचा तळ आहे, डॉक्टर असतात, प्राणवायू असतो. पण आमची मदतीची गाडी तंबू ठोकायला आधीच तिकडे निघून गेली होती. बहुतेक गटांची जाते. फोनला रेंज नव्हती. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. पण नाल्यात पोस्टपेड असूनही काय उपयोग? परदेशी सायकलस्वारांचं वाचून कुणी उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र मागवायचा बेत करत असेल, तर थांबा. आपल्याकडे परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि सीमाभागात तर त्याकडे फार संशयाने पाहिलं जातं.

शेवटी लेहकडे निघालेला डिझेलचा टँकर थांबला. ड्रायव्हरने काही विचारलं नाही, केबिनमधली मागची फळी रिकामी केली, रजई दुमडून डोक्याखाली दिली आणि क्लीनरला आमच्या सायकलींपाशी उतरवलं. "साहब, इससे बात करते रहना," एवढंच म्हणाला. लाचुलुंगलाच्या पलीकडची घळ त्याने चालत्या माणसाच्या वेगाने उतरली. प्रत्येक खड्ड्याआधी तो हात मागे करून मेहुण्याचा पाय दाबून धरायचा. त्या रस्त्यावरचं बचावदल म्हणजे हेच लोक: टँकरवाले, सीमा सडक संघटनेचे मजूर, तंबूत मॅगी विकणाऱ्या बाया. त्यांना हॉर्नसाठी शिव्या घालणाऱ्या सायकलवाल्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

पांगला प्राणवायू मिळाला, डॉक्टरांनी बाहुल्या तपासल्या, लेहला स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, हाड पट्ट्यात बसून जुळलं. घरी आल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: हेलिकॉप्टर का नाही बोलावलं? निरोप कुणाकडून धाडायचा हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे, तिथली उड्डाणं मुख्यतः लष्कर आणि हवाई दलाच्या हाती. प्रशासनामार्फत मागणी गेली, की उड्डाण सकाळी होण्याची शक्यता जास्त. हवा आधीच विरळ, दुपारी तापून आणखी विरळ होते, पात्यांना उचल मिळत नाही, वर वारा. सह्याद्रीत आपल्याला सवय वेगळी लागली आहे. इथे कड्यावर कुणी अडकलं, तर गिर्यारोहण महासंघाच्या बचाव समन्वय केंद्रात फोन जातो आणि लोणावळा, महाबळेश्वरची पोरं स्वतःचे दोर घेऊन रात्री-बेरात्री धावतात, तेही फुकट. असं जाळं सगळीकडे असेल, असं धरून चालू नये.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. मदतीची गाडी एरवी तंबूसाठी पुढे गेली तर जाऊ दे, पण खिंडीच्या उतारावर ती शेवटच्या सायकलच्या मागेच हवी. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. त्या रस्त्यावर हे अवघड जातं, म्हणूनच आधी विश्रांतीचे दिवस काढायला हवेत. सिंहगड कितीही वेळा चढलेला असो, उंची बाधायची त्याला बाधतेच. बर्फ वितळून नाले दुपारी फुगतात, ते सकाळीच ओलांडावेत. उतारावर बूड सीटच्या मागे, दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आणि हातात पूर्ण बोटांचे मोजे. विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा आणि सायकलिंगचा उल्लेख स्वतः वाचावा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

आणि डोक्याला मार लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी कितीही ठणठणीत दिसला, "मी चालवतो" म्हणाला, तरी त्या मोहिमेत त्याला पुन्हा सायकलवर बसू देऊ नका. यंदा जाणार असाल तर मनाली सोडण्यापूर्वीच गटातला एकजण ठरवून टाका: तो 'बस, आता गाडीत' म्हणाला, की त्याच्याशी वाद घालायचा नाही.