लहान मुलांचा तात्पुरता बहिरेपणा

सुरत शहरातील उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत कापडधंद्याच्या निमित्ताने आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुले घरी अहिराणी, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत प्रमाण मराठी व गल्लीत हिंदी-गुजराती ऐकत वाढतात. असे मूल उशिरा बोलावयास लागले, हाकेला ओ देईनासे झाले, की ‘भाषांचा घोळ झाला’ म्हणून पालक स्वस्थ बसतात आणि शाळेत त्याची गणना मठ्ठांत होते. प्रत्यक्षात दोष कानात असू शकतो.

कानाच्या पडद्यामागील पोकळी एका बारीक नळीने घशाच्या मागील भागाशी जोडलेली असते. लहान मुलांत ही नळी आखूड व आडवी असल्याने पडशात ती सहज बुजते. मग पोकळीत हवेऐवजी चिकट द्रव साठतो व पडद्याची हालचाल मंदावते. कान बहुधा दुखत नाही, वाहतही नाही. म्हणून विकार ध्यानात येत नाही. मोठा आवाज ऐकू येतो, हळू बोललेले शब्द निसटतात. आज ऐकले, उद्या ऐकले नाही, असेही घडते. ‘सोंग करतो’ हा आरोप यातूनच निघतो. तो अन्यायाचा आहे.

बहुतेक मुलांत हा द्रव सुमारे 3 महिन्यांत आपोआप ओसरतो. तोवर मुलाच्या समोर, जवळ बसून, तोंड दिसेल अशा रीतीने बोलावे. दूरदर्शन संच बंद ठेवावा. यंत्रमागांचा खडखडाट घरात येत असल्यास दार लावून घ्यावे. अहिराणी सोडण्याचे मुळीच कारण नाही. लसणाचे तेल कानात घालू नये. द्रव पडद्याच्या आत असतो, तेल बाहेरच राहते, आणि पडदा फाटलेला असल्यास अपायच होतो. घरात विडी ओढणेही वर्ज्य करावे.

शिक्षकांनी अशा मुलास पुढे बसवावे, आधी नावाने हाक मारून मग सूचना द्यावी. ‘समजले का?’ असे विचारू नये; मूल मान डोलावून मोकळे होते. सांगितलेले त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यावे.

तीन महिन्यांनंतरही सुधारणा नसल्यास, किंवा कान फुटल्यास लगेच, नवीन सिव्हिल हॉस्पिटल अथवा महानगरपालिकेच्या स्मिमेर रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत येतात, तेव्हा शिक्षकांनी अशा मुलाचे नाव आपण होऊन सांगावे. जरूर पडल्यास डॉक्टर पडद्यात एक सूक्ष्म नळी बसवितात. ती बहुधा 6 ते 12 महिन्यांत आपोआप गळून पडते.